छतावर जायची शिडी

१ सप्टेंबर १९९६, रविवार
कॅम्पर आला. पिकअपच्या पाठीवर बसणारी खोली. छत हाताने वर ढकललं की आत उभं राहता येतं. मायदेशी परतणाऱ्या एका ऑस्ट्रेलियनने दिला. सिंगापुरात, आमच्या यिशुनच्या इमारतीखालच्या कार पार्कमध्ये ठोकाठोक चालत नाही, म्हणून तुआसला हेमचंद्रच्या वर्कशॉपमध्ये ठेवलाय. तो पूर्वी जहाजावर माझ्या हाताखाली होता.
संकल्प: ७ डिसेंबरला शैला, ऋता आणि मी निघायचं. मलेशियातून वर, थेट उत्तर थायलंडचे डोंगर. तिथे हिवाळा असतो. तोवर ऋताच्या ए-लेव्हल्स, म्हणजे बारावीच्या परीक्षा, संपतील. फेब्रुवारीत ती शिकायला पर्थला जाणार. तिची मागणी एकच. सात वर्षांची असताना माझ्या जहाजाच्या डेकवर पडून तारे पाहिले होते, तसे एकदा पाहायचे.
सोपं आहे. छतावर जायला एक शिडी लागेल, बस.

८ सप्टेंबर
बस नाही. छत पातळ पत्र्याचं. तिघं आडवे झालो तर वाकेल. वर जाड लोखंडी चेकर्ड प्लेट टाकणार, कडेने रेलिंग. वीस वर्षं इंजिन रूम सांभाळली. अर्धवट काम माझ्या हातून होत नाही.

२२ सप्टेंबर
थंडीचा बंदोबस्त. भिंती आणि छत, सगळीकडे रॉकवूल, दगडी लोकरीचे थर. उणे पंधराला टिकेल असं गणित मांडलं. शैलाने विचारलं, तिथे थंडी असते किती. म्हटलं, सहा-सात डिग्री. मग सेरंगून रोडवरून तीन स्वेटर आणू की, म्हणाली.
फॅक्टर ऑफ सेफ्टी बायकोला समजावता येत नाही.

१३ ऑक्टोबर
पहिली चाचणी. वर्कशॉपच्या तुळईला टांगलेला चेन ब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी, लावला, छत दोन मिनिटांत वर. हेमचंद्र मला अजून चीफ म्हणतो. म्हणाला, चीफ, वजनाचं काय? म्हटलं, वर गेलं ना?

३ नोव्हेंबर
ऋता जेवताना म्हणाली, बाबा, कॅन गो लाइक दॅट, व्हॉट. जसा आहे तसाच नेऊ. तिला अभ्यास करायला सांगितलं.

१७ नोव्हेंबर
रेलिंगला रंगाचा तिसरा हात. खाऱ्या हवेत दोन पुरत नाहीत. डोंगरात खारी हवा कुठून आली, हे शैलाने विचारलं. 
चाचणी पुन्हा यशस्वी. चेन ब्लॉक, दोन मिनिटं.

७ डिसेंबर, शनिवार
निघालो नाही. शिडीचा रंग ओला आहे. पुढच्या शनिवारी नक्की. ऋताने भरलेली बॅग परत कपाटात ठेवली. मुलगी समजूतदार आहे. शैला म्हणाली, समजूतदार नाही, सवय झालीय तिला.

१४ डिसेंबर, शनिवार
निघालो.
सीमा ओलांडून जोहोरच्या पुढे, पाम तेलाच्या बागेशेजारी पहिला मुक्काम. पाऊस. छत उघडेना. मी ढकललं. मग तिघांनी. मग शेजारच्या पेट्रोल पंपावरचे दोघे आले. पाच जणांत मिळून चार बोटं उचललं आणि खाली आलं. आजवर ते प्रत्येक वेळी चेन ब्लॉकने वर गेलं होतं, हे तिथे लक्षात आलं. जहाज असो की यार्ड, वजन उचलणारं काहीतरी डोक्यावर टांगलेलं असतंच. रस्त्यावर नसतं.
ऋता म्हणाली, बाबा, क्रेनपण आणायची ना, लाह. शैला हसली. पंपवाले भाषा न कळता हसले.
रात्रभर पाठ वाकवून आत बसलो. थंडी अजिबात लागली नाही. रॉकवूल उत्तम.

१५ डिसेंबर
परत. तात्पुरतं.

१८ डिसेंबर
कंपनीचा फॅक्स. ४ जानेवारीला जहाजावर हजर. दोघी बसने मलेशियातल्या थंड हवेच्या कॅमेरॉन हायलँड्सला गेल्या. स्वेटर घेऊन. मी छत उचलणारी विंच बसवायला थांबलो. कोणीतरी मागे राहून काम पुरं करायलाच हवं.

२३ डिसेंबर
परतल्या. गेस्ट हाऊसच्या पायऱ्यांवर बसून तारे पाहिले म्हणे. पायऱ्यांना रेलिंग होतं का, मी विचारलं. ऋताने माझं काम कुठवर आलं ते विचारलं नाही. विंचचा ब्रॅकेट वाकलाय.

३ जानेवारी १९९७, सकाळी ११
संध्याकाळचं विमान. मी परतेन तेव्हा ऋता पर्थला असेल. आज ती आपणहून तुआसला आली. म्हणाली, शिडी दाखवा.
हेमचंद्रने चेन ब्लॉकने छत उचललं, मी खिट्ट्या लावल्या. दोघं वर चढलो आणि शेजारी आडवे पडलो. वर वर्कशॉपचा पत्रा. एक ट्यूबलाइट, तीही फडफडणारी. मृग नक्षत्र कुठे, तिने विचारलं. मी चेन ब्लॉकचा हुक दाखवला आणि त्याच्या डावीकडे थोडं वर, असं सांगितलं. ती तिकडे बराच वेळ बघत राहिली. मग ओके बाबा म्हणाली आणि उतरली.
शिडी जराही हलली नाही.