दुतोंड्याच्या कमरेला पाणी

प्रिय वल्लरी,

हे फोनवर सांगता आलं नसतं. आपल्या दोन खोल्यांत भिंतींना कान आहेतच, वर तुझ्या बाबांचे दोन. ते आंघोळीला गेलेत, तेवढ्यात लिहिते.

सातपूरच्या खोलीवर नीट जेवतेस ना? तुझं बातम्यांचं पेज 'आत्ता पंचवटी' मी मोबाइलवर रोज बघते. मागच्या आठवड्यात गोदेला पाणी आलं, तेव्हा कुणा दीडशहाण्याने जुन्या पुराचा व्हिडिओ टाकून पूल वाहून गेल्याची आवई उठवली. आपली भाजीवाली विठाबाई टोपली तशीच टाकून पळाली. मग तुझ्या पेजवर त्या 'जुना गोदाकाठ' नावाच्या माणसाचा व्हिडिओ आला. ना त्याचा चेहरा, ना आवाज; नुसता हातात त्याच दिवशीचा पेपर, मागे ज्याच्यावरून आपण पूर मोजतो तो नदीतला दुतोंड्या मारुती, पाणी जेमतेम मारुतीच्या कमरेला. नाशिककराला आणखी काय पुरावा हवा? विठाबाई परत येऊन मेथी विकायला बसली. खाली तू लिहिलंस, 'धन्यवाद काका, तुम्ही आमचे सगळ्यात भरवशाचे वार्ताहर.'

अगं, ते काका आत्ता आपल्या मोरीत गाणं म्हणतायत.

तू बँकेतली नोकरी सोडलीस, तेव्हा 'बातमी सकाळी पेपरात येते, मोबाइलवर येतात त्या चहाड्या' असं गरजणारे हेच. तू पायात चपला सरकवून निघालीस ती निघालीस. तेव्हापासून दोघंही हट्टाला पेटलेले, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. आता हे खोटं नाव घेऊन कुठला रस्ता बंद, कुठे वीज गेली, सगळं तुला कळवतात. तुझं 'धन्यवाद' आलं की मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवतात, ती मुलगी कुणी परकी असल्यासारखं. मला हसू येतं आणि वाईटही वाटतं. त्या व्हिडिओत 'अहो, छत्री राहिली' असा माझा आवाज आलाय. तू ओळखला नाहीस, की ओळखून गप्प बसलीस?

आता कामाचं. रविवारी तू त्या काकांचा सत्कार ठेवलायस. यांनी पांढऱ्या सदऱ्याला दोनदा इस्त्री केली. आणि काल हळूच म्हणाले, 'मला बघून पोरीने पाठ फिरवली तर?' जायचे नाहीत ते, मी ओळखते. तेव्हा शाल-श्रीफळ घेऊन तूच घरी ये. मी यांना काही बोलणार नाही. नळ बंद झाला, थांबते. नारळ तेवढा मोठा बघून आण, करंज्या तिघांना पुरायला हव्यात.

वाट बघणारी, तुझीच
आई