भरतीची खोटी वेळ

सारौत्स
मंगळवार, १२ मे

कोंचे बाई,

तुझं पत्र पोचून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर केला म्हणून रुसू नकोस. तब्येत बरी आहे ना? माझी आहे, फक्त दोन्ही गुडघे निळे झालेत. का ते पुढे येईल. आणि शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला शाळेपासून ठाऊक आहे. गपगुमान इथूनच वाच.

तर बासष्टाव्या वर्षी तुला फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायचंय! आठ दिवस! संगतीला त्या डोंगर चढणाऱ्या तिघी. आणि आखणी मी करायची, कारण मी समुद्राच्या तोंडाशी राहते. अगं, दहा वर्षं मी बोलावतेय, तर तुला ओल सोसत नव्हती. तुझा नवरा असताना नाही, तो गेल्यावरही नाही. आणि ईस्टरला एकदा येऊन आमच्या मार्त्सेलशी दोन पेले चाकोली वाइन काय प्यायलीस, लगेच समुद्राचा पुळका!

‘आमच्या’ म्हटलं ते खालच्या मजल्यावर राहतो म्हणून. दुसरं काही नाही.

तुझं पत्र आलं तो गुरुवार होता, म्हणजे मार्त्सेल मासे घेऊन वर आलेला. चाळीस वर्षं बोट हाकली त्यानं, आता निवृत्त, तरी बंदरात अजून हातभार लावतोच. मी सहज सांगितलं, कोंचे येतेय जूनमध्ये.

“कोण, ती हसरी?”

“हसरी नाही रे, दातच मोठे आहेत तिचे.”

“छान आहेत दात,” म्हणाला. आणि माझ्याच टेबलाशी बसून, माझीच कॉफी पीत, तुझाच आठवडा आखायला लागला. गेतारियाहून होडी तो देणार. ओरियोच्या नदीत वल्हवायला तो नेणार. शनिवारी त्यांच्या त्या पुरुषांच्या जेवण-मंडळात तुम्हा चौघींना जेवायला तो घालणार. तिथल्या चुलीपाशी बायकांना अजून फिरकू देत नाहीत, तेव्हा रांधायचं त्यानं आणि वाहवा करायची तुम्ही.

“कोकोचा करतो,” म्हणाला. “तिला लसूण चालते का गं?”

कोकोचा! हेक माशाच्या हनुवटीखालचा तो एवढासा लुसलुशीत तुकडा! कोंचे, माझा नवरा फेर्मिन जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं हा माणूस मला दर गुरुवारी मासे देतोय, आणि माझ्या वाट्याला येते ती शेपटी. मला लसूण चालते का, हे एकदाही विचारलं नाही त्यानं.

“लसणीनं तिच्या अंगावर पित्त उठतं,” मी म्हटलं. उठत नाही, मला माहीत आहे. तू कच्ची खातेस.

आता मन घट्ट कर, कारण पुढचं मी फादरनाही सांगितलेलं नाही.

मी आखणी केली. सुवाच्य अक्षरात, ननबाईंनी शिकवल्यासारखी. सोमवारी पहिला धडा: संध्याकाळी पाच. मुद्दाम लिहिलं. त्या दिवशी अमावास्येचं उधाण आहे आणि पाचच्या सुमाराला पाणी थेट किनाऱ्याच्या भिंतीला लागतं, वाळू म्हणून दिसत नाही. तुझं डोकं फुटावं असं मनात नव्हतं गं, देवाशपथ. नुसती भिजावीस, घाबरावीस आणि मंगळवारच्या बसनं घरी जावीस, एवढंच. शनिवारच्या आत.

कागद फ्रीजवर चिकटवला. मागच्या गुरुवारी मार्त्सेलनं तो वाचला. भरतीचं पुस्तक त्याच्या खिशात असतंच, पण ते त्यानं काढलंसुद्धा नाही.

“बिशेंता, सोमवारी पाचला?”

“हो. का?”

“पाचला वाळू कुठाय? भिंतीवर आपटतील बाया.”

“मी डोंगरातली. मला काय कळतं भरतीतलं?”

“फेर्मिनची बोट कधी लागणार ते तू खिडकीतून पाणी बघून सांगायचीस. तू चुकत नाहीस.” मग मासे ओट्यावर ठेवले आणि कॉफी न पिता खाली गेला. पाच दिवस झाले. जिन्यात भेटला तर टोपीला हात लावतो, जशी मी नगराध्यक्षीण!

आता गुडघे. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी नाहियाकडे नाव घातलं. तुम्हाला शिकवणार ती हीच, तिशीची आहे, दंडाची पक्की. म्हटलं, तू येशील तेव्हा मी तुझ्यापुढून लाटेवरून जाईन, उभी, मान वळवून. रबरी कपड्यात शिरायला अर्धा तास लागतो आणि निघायला दुसऱ्याची मदत. पहिले दोन आठवडे मी नुसते फळीवर गुडघे आपटले आणि समुद्र प्यायले. तिसऱ्यात फळीवर बसायला जमलं. बसायला छान वाटतं. बसूनच राहिले.

काल नाहिया ओरडली, “आजी, ही लाट तुमची होती! फुटते तिथून तुम्हीच जवळ होतात. जवळ असतो त्याची लाट, बाकीच्यांनी मागे राहायचं.”

“मग ती शेजारच्या फळीवरच्या पोरीनं का घेतली?”

“तुम्ही उठलाच नाहीत! न उठणाऱ्यासाठी कोण थांबतं?”

घरी येईस्तोवर रडले. म्हणाले, खारं पाणी गेलं डोळ्यात.

मी नऊ वर्षं जवळ बसून आहे, कोंचे.

खरी आखणी सोबत आहे. सोमवारी सकाळी अकरा, ओहोटी, गुडघाभर पाणी, सशासारख्या लाटा. बुधवारी नदी. होडी शुक्रवारी. जाड मोजे आण, आणि लसूण हवी तेवढी खा. शनिवारी मंडळात जेवायला पाचवी मी. कुणी बोलावलं नाही, पण येणार आहे. आणि कोकोचा आधी कुणाच्या ताटात पडतो ते उघड्या डोळ्यांनी बघणार आहे. तुझ्यात पडला तर तुझा. तेव्हा मागे राहीन, चावणार नाही. पण त्याआधी एकदा उठून तर बघू दे.

म्हणून हे पत्र आता खाली मार्त्सेलकडे टपालात टाकायला देतेय. पाकीट चिकटवलेलं नाही. त्याला सांगणार आहे, डिंक संपलाय, तूच चिकटव. वाचणारच तो, जन्माचा चौकस आहे. वाचू दे.

मार्त्सेल, तू इथपर्यंत आलाच असशील तर ऐक: मला लसूण चालते.

उद्या गुरुवार नाही, तरी कॉफी ठेवलेली असेल.

कोंचे, तुझीच, आणि आज पहिल्यांदा, कोरड्या जमिनीवर का होईना, फळीवर उभी,
बिशेंता