सहा जीबीला एक मिनिट

४ मार्च, सोमवार. पहाटे.
जप झाला. मन शांत आहे. साडूवर सूड उगवायचा आहे.
काल सासूबाईंच्या वाढदिवसाच्या व्हिडिओ कॉलवर आमचं नेट अडकलं आणि मी जांभई देता देता तसाच थिजलो. साडूने तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, साडूबुवा ध्यानस्थ. सासूबाईंनीही हसरा चेहरा पाठवला.
क्षमा थोर असते. ती नंतर करू.

५ मार्च
नवीन कनेक्शन घेतलं. शंभरच्या स्पीडचं. सही केली, यंत्राला मनातल्या मनात नमस्कार केला.
लेकीने केलेली फिल्म प्रवेशासाठी शुक्रवारी पाचच्या आत कॉलेजला पाठवायची आहे. पाचला पोर्टल बंद. चुकलं तर वर्ष गेलं. ही म्हणाली, तिला मावशीकडे पाठवा, त्यांचं नेट पळतं. मी म्हणालो, मी अजून मेलो नाही.
हिशेब: फिल्म सहा जीबी, म्हणजे सहा हजार एमबी. भागिले शंभर. साठ सेकंद. गावच्या शाळेत छडी खाऊन पाठ केलेले पाढे वाया गेले नाहीत.

६ मार्च
लेक म्हणाली, बाबा, नेट बिटमध्ये मोजतात, फाईल बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. शंभरला आधी आठाने भागा.
भागलं. साडेबारा! दूधवालासुद्धा इतकं पाणी घालत नाही.
तरी आठ मिनिटं. एका परीने बरंच. साडूला समोर बसवूनच पाठवायची आहे; एका मिनिटात त्याचा चहाही संपला नसता.

६ मार्च, संध्याकाळ
साडूने आपल्या स्पीडचा फोटो ग्रुपवर टाकला. पंचवीस! मी त्याच्या चौपट.
लेक म्हणते, काकांचे पंचवीस बाइटमध्ये आहेत. आठ पंचवीस दोनशे. शिवाय जाता-येता सारखेच. तिला सांगितलं, दुसऱ्याच्या ताटात बघू नये.

७ मार्च
साडूला उद्या पावणेपाचला चहाला बोलावलं. त्याच्यादेखत पाठवायची. चार त्रेपन्नला काम फत्ते. उरलेली सात मिनिटं त्याचा चेहरा बघायला.
लेक म्हणाली, मी सकाळीच पाठवते. तिला संयमाचं महत्त्व समजावलं. ही म्हणाली, अहो, पोरीच्या वर्षाशी कसले खेळ करताय? हिला आठाचा पाढा येतो, पण श्रद्धा नाही.

८ मार्च, सकाळी ११
लॅपटॉप कपाटात. किल्ली माझ्या खिशात. देवासमोर दोन मिनिटं जास्त बसलो. साडूचं वाईट मागितलं नाही. फक्त त्याला कळावं, एवढंच.

दुपारी ४.४६
साडू आला. बटण मीच दाबलं.
लॅपटॉप म्हणतो, एक तास वीस मिनिटं.

४.४८
कंपनीला फोन लावला. बाई गोड आवाजात म्हणाली, सर, शंभर येताना. जाताना, म्हणजे अपलोडला, दहा. मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? म्हणे, तुम्ही सही केलीत त्याच कागदावर आहे.
दहाला आठाने भागलं. सव्वा.
लेक रडायला लागली. साडूने कप खाली ठेवला, लॅपटॉप काखेत मारला, म्हणाला, चल गं, बस मागे. त्याचं घर पाच मिनिटांवर. स्कूटर मी गॅलरीतून पाहिली.

४.५८
मेहुणीचा फोन. पोचली फिल्म. चार मिनिटांत.
ही माझ्याशी बोलत नाही. साडूचा उरलेला चहा मीच प्यालो. अन्न टाकू नये.

१९ मार्च
लेक पहिल्या फेरीत निवडली गेली. देव पावला. दुसरी फेरी दहा दिवस, ऑनलाइन. ती मावशीकडे राहून देणार. मला विचारलं नाही, सांगितलं.
मी म्हणालो, जातानाचा स्पीड वाढवून घेतो, शंभर करतो, दोनशे करतो. ती म्हणाली, बाबा, नेटचं काही नाही. तुम्ही कपाटाला कुलूप लावता.
तिचं टेबल पोचवायला आम्ही दोघं साडू. तो पुढे, मी मागे. तिसऱ्या मजल्यावर त्याने विचारलं, साडूबुवा, टेकायचं का जरा? मी नको म्हणालो.
जिना चढताना जास्त वजन मागच्यावर येतं, एवढं इथे नोंदवून ठेवतो.