सईला जागं ठेवायचं काम

१६ जानेवारी, गुरुवार

हळदीकुंकू पार पडलं! आमच्या बौद्ध घरात आजवर कधी झालं नाही ते मी सेंटरच्या ऑफिसात केलं. आईचा फोन – "पगारासाठी आता हेपण का गं?" म्हटलं, आई, मी फक्त वाण वाटलं. "तेच तर म्हणते मी," म्हणाली.

पण करणार काय? लहान मुलांच्या तपासणीचं शिबिर आहे असा बोर्ड लावला की चारकोपातलं एक माणूस फिरकत नाही. 'आमच्या बाळाला काय धाड भरलीये?' हळदीकुंकू म्हटलं की सगळ्या कडेवर पोर घेऊन हजर. त्या तिळगूळ खातात, तोवर आमचा फिजिओ सुबोध पोरांशी खेळल्याचं नाटक करतो. कोण मान धरत नाही, कोण बसत नाही, कोण आवाजाकडे वळत नाही, ते बघून घेतो. मग पुढे मी. त्या घराला डॉक्टर, थेरपी, अंगणवाडी सगळ्यांशी जोडून द्यायचं. हुद्दा समन्वयक. म्हणजे फोन करणारी बाई.

या वर्षी वाण म्हणून खुळखुळे दिले. माझी आयडिया! सुबोधने मुलांच्या पाठीमागून एकेक वाजवून बघितला. सगळी वळली. एक नाही वळली – सई गावडे, सव्वा वर्षाची, गालावर काजळाचा टिळा, अजून एक शब्द नाही. तिची आई जया पहिल्या रांगेत बसली होती. माझं भाषण इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलेलं नाही. आमच्या प्रितमने तर लग्नाला अकरा वर्षं होऊनही नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

जयाला दिवसभर फोन. उचलत नाही. मेसेज टाकला तर पुढच्या क्षणी उत्तर – 'ताई बोला.' बोला काय बोला!

२० जानेवारी, सोमवार

गावड्यांकडे जाऊन आले. घरात जया, तिचा नवरा नंदू (इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छापखान्यात आहे, रात्रपाळी करून घोरत होता) आणि सासू प्रेमाबाई. मूळ मालवणकडच्या. त्यांचा आवाज म्हणजे! जिन्यातच ऐकू येतो.

"पोरगी झकास ऐकता! बघा तुमी!" म्हणाल्या आणि सईच्या पाठीमागे जमिनीवर परात आदळली. सई वळली. प्रेमाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी आता माफी मागून घरी जावं.

मी कसली जाते! फरशी हादरली म्हणून ती वळली, आवाजाने नाही, यावर मी व्याख्यान दिलं. मग तीच परात हातात धरून, हवेत वाजवून दाखवली. सई ढिम्म. नंदू मात्र उठून बसला आणि म्हणाला, "काय झालं? आग लागली काय?"

घरात आणखी कुणाला कमी ऐकू येतं का, हे विचारावंच लागतं. जयाला विचारलं. तिने तोंड उघडायच्या आधी प्रेमाबाई – "आमच्यात कोणाक काय नाय! लिवा, नाय!" लिहिलं, नाही.

त्या बाईने माझं डोकं फिरवलंय. सुनेशी बोलायचं तर आधी तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवतात आणि मग एकेक शब्द अंगावर फेकतात. सून आहे की शाळेतलं पोर? मी असताना जयाचा फोन वाजला, तोसुद्धा त्यांनीच उचलला. 'कुटुंबाचे सबलीकरण' या विषयावर मी दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलंय. या घरात काय चाललंय ते मला दहा मिनिटांत कळलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज माझा जो पोपट झाला तो कुठेतरी लिहायलाच हवा.

अंधेरीच्या हॉस्पिटलात सईच्या कानांची तपासणी होती. डोक्याला तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत पोचतोय का ते मशीन बघतं. अट एकच, मूल गाढ झोपलेलं हवं. म्हणून तिथे पोचेपर्यंत त्याला झोपू द्यायचं नाही. रिक्षात बसलं की दहातली नऊ मुलं झोपतात आणि हॉस्पिटलात टक्क जागी होतात. हे मी सगळ्या आयांना सांगते. फार छान सांगते. आज जयाबरोबर जातीने गेले. म्हटलं, बघ आता कसं जागं ठेवायचं ते.

कांदिवली सोडेपर्यंत टाळ्या, गुदगुल्या, तोंडं वेडीवाकडी करणं. रिक्षावाला आरशातून बघून हसत होता. मालाडला ट्रॅफिक. ऊन. रात्री रिपोर्ट लिहीत बसले होते...

जाग आली तेव्हा रिक्षा हॉस्पिटलच्या दारात उभी आणि माझं डोकं जयाच्या खांद्यावर. सई तिच्या मांडीवर ढाराढूर. आणि जया मात्र जागी! म्हटलं, अगं, मला हलवायचं तरी! ती नुसती बघत राहिली.

सई आत गेल्या गेल्या ताजीतवानी. तपासणाऱ्या मॅडमच्या तारा ओढल्या, टेबलावरचा टिश्यूचा डबा रिकामा केला. तपासणी रद्द. मॅडम मला म्हणाल्या, "जागं ठेवायला सांगितलं होतं ना?" मी मान हलवली. माझ्या गालावर जयाच्या ओढणीची जर उमटलेली होती.

३० जानेवारी, गुरुवार

पुन्हा रद्द. या वेळी मी मुद्दाम गेले नाही. मी नसले की सगळं सुरळीत होतं, असा सुबोधचा जुना सिद्धांत आहे. सिद्धांत पडला. जयाने सईला सकाळी घरीच पोटभर झोपवून नेलं! मेसेज केला – 'ताई चुकून झोपली.' चुकून!

मला राग आला. आवाज पोचत नसेल तर मेंदू आवाज ओळखायला शिकतच नाही. जितका उशीर तितकी भाषा हातातून जाते. हा एकेक महिना त्या पोरीचा आहे. हे किती वेळा सांगितलं मी जयाला!

सुबोध म्हणाला, "तू किती वेळा सांगितलंस ते कळलं. तिने काय सांगितलं?" मी म्हटलं, तिला बोलू देते कुठे ती सासू!

३ फेब्रुवारी, सोमवार

जयाला एकटीलाच सेंटरवर बोलावलं. सबलीकरण!

फाइलमध्ये लिहिता लिहिता विचारलं, घरी तुझ्यावर दबाव आहे का? "हो." सासूबाई तपासणीला नको म्हणतात का? "हो." मला वाटलंच होतं! मग सहज विचारलं, सई रात्री किती वेळा उठते? "हो." किती वेळा? "हो."

वर बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती, घाबरलेली. मी मनात म्हटलं, बघ, किती दबलीये बिचारी, साधी उत्तरं देता येत नाहीत तिला. पुढचा तासभर तिला धीर दिला. दिवसभर बोलत राहायचं सईशी, म्हटलं, आईच्या आवाजासारखं दुसरं औषध नाही. ती हो म्हणाली.

गुरुवारची तारीख घेतलीये. या वेळी हॉस्पिटलवाले झोपेचं औषध देणार. आता सई रिक्षात झोपो नाहीतर नाचो, तपासणी होणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आल्याच नाहीत. हॉस्पिटलातून मला फोन. मी तणतणत चारकोपला. घरी प्रेमाबाई – "ती गेली ना तुमच्याकडे?" म्हणजे घरातून निघालीये. शोधत सेक्टरच्या बागेपाशी आले. जया घसरगुंडीजवळ, पाठमोरी, सई वाळूत.

फाटकातूनच ओरडले. जया! ए जया!! रागात माझा आवाज चांगलाच चढतो. बाकावरचे आजोबा वळले. झोपाळ्यावरची पोरं वळली. बाहेरचा भेळवालासुद्धा वळला.

या दोघी सोडून.

मी तिथेच उभी राहिले. वर्षानुवर्षं हेच काम करते मी. लोकांना शिकवते की पाठीमागून आवाज द्या आणि बघा.

पुढे जाऊन तिच्यासमोर बसले. तिला माझ्या तोंडावरूनच कळलं. मग ती बोलली. माझ्यासमोर इतकं पहिल्यांदाच. हळू, थोडं नाकातून. "माझ्या आईला पण असंच. मला थोडं ऐकू येतं. बाकी ओठांवरून कळतं. लग्नात सांगितलं नव्हतं. नंदूला माहितीये, तो म्हणाला आईला कळू द्यायचं नाही."

आणि मग, "सईला मीच झोपवलं, ताई. दोन्ही वेळा." रिक्षात मी घोरत असताना ही त्या पोरीला थोपटत होती! का? तर सईची तपासणी झाली की विचारणार कुणाकडून आलं. "मग फसवून लग्न केलं म्हणतील. मला गावी धाडतील. सईला ठेवून घेतील."

मी काय बोलले? बरंच बोलले असणार. नंतर लक्षात आलं, बोलताना मी खाली वाकून सईच्या हातातली वाळू झटकत होते. तिला त्यातलं काही कळलेलं नाही. परत वर बघून, सावकाश सांगितलं – कुणाला सांगणार नाही. पण मंगळवारी सईला आण.

"आणते," म्हणाली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

'मन लावून ऐकते!' असं लिहिलंय मी. हळदीकुंकवाच्या दिवशी. शाबास माधुरी!

११ फेब्रुवारी, मंगळवार

झाली तपासणी. औषध घेऊन सई शहाण्यासारखी झोपली. जया मशीनकडे बघतच नव्हती, त्या मॅडमच्या ओठांकडे बघत होती. मी या वेळी मुद्दाम दोघींना दिसेन अशी बसले आणि तोंड बंद ठेवलं. जमतं मला ते, जीव गेला तरी.

दोन्ही कानांत बरंच कमी आहे. पण कानाला मशीन लावून फायदा होईल. "वेळेत आणलंत," मॅडम म्हणाल्या. जया ढसाढसा रडली आणि मग माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. मीही रडले. सुबोधला सांगितलं नाही, त्याला आयतं कोलीत नको.

मग मॅडमनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?" जयाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. "आमच्या माहितीत नाही," म्हटलं. खोटं बोलून झाल्यावर छतावरचा पंखा फारच इंटरेस्टिंग वाटायला लागला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झोप नाही. सईला मशीन लागेल, पण ती बोलायला शिकणार कुणाकडून? दिवसभर आई सोबत. आईलाही मशीन लागलं तर दोघींचं चांगलं होईल. त्यासाठी आधी घरात कळायला हवं. घरात कळलं तर प्रेमाबाई. आणि मी वचन देऊन बसलेय.

प्रितमला नाव न घेता विचारलं. म्हणाला, "सासूलाच सांगून टाक ना सरळ." याला काय जातंय सांगायला! परातीने मारतील मला. मला मारलं तर ठीक, जयाला घराबाहेर काढलं तर? सईला त्यांनी ठेवून घेतलं तर? माझ्या एका वाक्यावर त्या पोरीची आई जाईल.

नाही सांगायचं. निदान सईचं मशीन येईपर्यंत तरी नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सेंटरचं कुलूप उघडत होते तर पायरीवर प्रेमाबाई. एकट्याच. कळलं वाटतं यांना!

आत येऊन बसल्या. आवाज एवढा हळू की मलाच पुढे वाकावं लागलं.

"मॅडम, त्या मशिनीवर मोठ्या माणसांचापण बघतत?"

कुणाचं बघायचंय, विचारलं. तुमचं?

"जयाचा." मग दाराकडे बघून घेतलं. "लगीन झाला, दुसऱ्या दिवशी माका समाजला. ती लपयता, म्हणान मीय गप ऱ्हवलंय. नंदूक वाटता आवशीक, माका, काय कळणा नाय. तुमी आपल्या मनान सांगितल्यासारख्या सांगा तिका. माझा नाव घेव नकात. तिका वाईट वाटात."

हो म्हटलं. त्या गेल्यावर दार लावून भरपूर रडले.

उद्या सासू-सून दोघींना एकदमच बोलावलंय.