स्विमिंग पूलमध्ये क्लोरीनच

धाकट्या,

स्विमिंग पूलचा माणूस दहाला येईल. तू घोरत होतास, म्हणून उठवलं नाही. मी कामावर निघाले. काल मिठाच्या यंत्राला मीही मान डोलावली होती, पण ते राहू दे. त्याला सांग, क्लोरीनच चालू ठेवायचं. पंपाची गळती तेवढी बघून घे.

यंत्र चांगलं आहे, मान्य. मिठापासून लागेल तेवढंच क्लोरीन बनवतं, वास नाही, डोळे झोंबत नाहीत. नाहीतर आपले बाबा! क्लोरीनच्या गोळ्या मोजून टाकायचे आणि वर एक स्वतःच्या समाधानासाठी. आपण सशासारखे लाल डोळे घेऊन शाळेत जायचो.

तू गणितात नापास झालास तो दिवस आठवतो? खोलीत रडून रडून बाहेर आलास, तर बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "आज माझ्याकडून क्लोरीन जरा जास्तच पडलं वाटतं." मग कोणी तुला काही विचारलं नाही. त्या दिवशी तू पोहलाही नव्हतास.

काल संध्याकाळी तू त्या माणसाशी फोनवर किमतीची घासाघीस करत होतास, तेव्हा आई पूलच्या पायरीवर बसली होती. डोळे लालभडक. मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं, क्लोरीन झोंबलं."

बाबा गेल्यापासून ती पाण्यात उतरलेली नाही.

गोळ्या संपत आल्यात. येताना मी आणते.

ताई