आत्याचे कपडे आणि ठोकळ्याचं लग्न

दि. ९ जानेवारी

चि. ठोकळ्यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. फोन केला असता, पण फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि एकीकडे बातम्या बघतोस. पत्राला हं म्हणता येत नाही, उत्तरच द्यावं लागतं. खोली चौथ्या मजल्यावर आहे, छत तिरपं आहे, आणि कपाट नेमकं तिरप्या बाजूला असल्यामुळे कपडे काढताना रोज डोकं आपटतं. शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे. मुलं गोड आहेत. भूमिती न येणारी मुलं जगात सगळीकडे सारखीच खिडकीबाहेर बघतात, त्यामुळे मला परकं वाटलं नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षांची ही नोकरी पत्करली तेव्हा तुझे बाबा म्हणाले होते की या वयात परक्या शहरात मन रमणार नाही. दादाला सांग, मन रमलंय. घोडं अडलंय ते कपड्यांपाशी.

तिकडे आपला शिंपी होता. मी चित्र काढून न्यायचे, तो उसासा टाकायचा आणि शिवून द्यायचा. पाठीवर खिसे असलेला झगा म्हण, एकच बाही असलेला कोट म्हण, कशाला नाही म्हणाला नाही बिचारा. इकडची शिंपीण चेन बदलते आणि पँट आखूड करते, बाकी काही सांगितलं की दार लावून घेते. तेव्हा दुकानं शोधणं आलं. असे जगावेगळे कपडे करणारे कलावंत या शहरात पुष्कळ आहेत म्हणतात, पण ते सापडतील तर शपथ! साधे कपडे विकणारा दारात उभा राहून हाका मारतो, आणि हे लोक लपून बसतात. पाटी नाही, भाव नाही, काचेमागे बघावं तर नुसता एक दगड. तो दगड बघून मी मोठ्या उमेदीने एके ठिकाणी शिरले, तर ते थडग्यांचे दगड घडवणाऱ्याचं दुकान निघालं. त्याने मला खुर्ची दिली आणि फार हळू आवाजात, कोण गेलं, असं विचारलं.

शनिवारी मात्र अगदी हवं तसं दुकान सापडलं. पांढऱ्या भिंती, आत काही म्हणजे काही नाही, मधोमध एक शिडी आणि शिडीवर टाकलेला एकच झगा. पांढरा, जाड कापडाचा, त्यावर निळे आणि करडे शिंतोडे, पोटावर एक मोठा खिसा. मी तो अंगाला लावून बघितला आणि आतून आलेल्या माणसाकडे आरसा मागितला. तो कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. म्हटलं, कलावंत माणसं अशीच अबोल असायची. किंमत विचारली तर खांदे उडवले. मी घासाघीस केली, तो लगेच कबूल झाला, आणि जाताना मला दारापर्यंत सोडायला आला.

सोमवारी तो घालून शाळेत गेले. शिपायाने मला नम्रपणे जिन्यापाशी नेलं आणि कुठल्या भिंतीपासून सुरुवात करणार म्हणून विचारलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुकान रिकामं होतं, तिथे रंगकाम चाललं होतं, आणि मी रंगाऱ्याचा कामाचा झगा विकत घेऊन आले होते. पण खोटं कशाला बोलू, शोभतो रे मला. सोबत फोटो पाठवते आहे. दादाला दाखव आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या कळव.

माझ्या मागे नीट जेवत जा, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
आत्या

दि. २ फेब्रुवारी

ती. आत्यास,
ठोकळ्याचा सा. न. वि. वि.

फोटो मिळाला. बाबांनी कपाळाला हात लावला, त्यामुळे आठ्या दिसल्या नाहीत. रंगाऱ्याचं पुढे काय झालं, तो बिचारा घरी काय घालून गेला, याची मला काळजी वाटते आहे. तू असं काही करतेस आणि झोप माझी उडते.

आता माझी बातमी. माझं लग्न ठरलं. दाढ दुखत होती म्हणून दवाखान्यात गेलो होतो. ती दातांची डॉक्टर आहे. ओळख झाली तेव्हा माझं तोंड उघडं आणि त्यात तिची अवजारं, त्यामुळे मला काही बोलावं लागलं नाही, आणि तिचं माझ्याबद्दल फार चांगलं मत झालं. पाणीखात्यात नळांचे नकाशे काढणाऱ्या माणसाला याहून जास्त काय हवं? तारीख बावीस एप्रिल आहे. आई गेल्यापासून माझ्या शाळेतल्या प्रत्येक सभेला तूच यायचीस, तेव्हा लग्नात आईच्या जागी माझ्या बाजूला तूच उभी राहणार हे काही सांगायला नको.

एकच विनंती आहे, रागावू नकोस. तिचे वडील निवृत्त न्यायाधीश आहेत. शिस्तीचे आहेत, भिंतीवरची तसबीर तिरपी दिसली तर उठून सरळ करतात. बाबांनी उत्साहाच्या भरात तुझा तो फोटो त्यांच्यापुढे केला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो पुन्हा बघितला आणि काही न बोलता परत दिला. आत्या, त्या दिवसापुरते तू चारचौघींसारखे कपडे घालशील का? एकाच दिवसाचा प्रश्न आहे. नाहीतर लोक नवरीकडे बघायचं सोडून तुझ्याकडे बघत बसतील आणि आपलं हसं होईल.

तब्येत सांभाळ. तुझ्या आशीर्वादाची कायम गरज असलेला,
ठोकळ्या

दि. २४ फेब्रुवारी

चि. ठोकळ्यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद, आणि या वेळी दोन जास्त.

बातमी वाचून मी खोलीत उडी मारली आणि छताला डोकं आपटलं. टेंगूळ आलंय, पण आनंदाचं आहे. दातांची डॉक्टर म्हणजे तुझ्यासारख्या गोडघाशाला देवच पावला म्हणायचा. तिला माझे आशीर्वाद सांग.

मला अखेर खरं दुकान सापडलं बरं का. घड्याळजीच्या दुकानावर, लोखंडी जिन्याने चढून जावं लागतं. मालकीण ताडमाड उंच आहे आणि शब्द मोजूनमापून बोलते. तिचा नियम ऐक. कपडा आवडला म्हणून ती विकत नाही. तो अंगावर चढवायचा आणि आपलं रोजचं काम तिच्या दुकानात बसून, तिच्यासमोर करून दाखवायचं. माणूस कपड्यात अवघडला की ती कपडा काढून घेते. माझ्या आधी आलेला न्हावी तिथे एका गिऱ्हाइकाचे केस कापत होता, आणि कात्री चालवताना कॉलर सारखी नाकाशी येत होती, म्हणून बाईंनी त्याला नापास केलं. मी वह्या तपासायला घेऊन गेले. झगा चढवताना डोकं बाहीतून घातलं गेलं, पण आता विचारायचं कुणाला म्हणून तशीच बसले आणि सगळ्या वह्या तपासून संपवल्या. बाई तीनदा माझ्याभोवती फिरल्या, मग आतल्या कारागिराला बोलावून सांगितलं की गळा चुकीच्या जागी आहे, यापुढे इथेच कापायचा. मी पास झाले. आता दर शनिवारी जाते, बाई कॉफीसुद्धा देतात.

लग्नाचं म्हणशील तर एप्रिलमध्ये इथे परीक्षा असतात. रजा मिळणं अवघड दिसतंय. तेव्हा माझ्यासाठी काही अडवून ठेवू नका. तुझ्या बाजूला काकूला उभी कर. तिचे कपडे नेहमी इस्त्रीचे असतात आणि तिच्याकडे कोणी वळून बघत नाही. मी इथूनच अक्षता टाकीन असं समज. राग वगैरे काही नाही, खरंच नाही.

आहेस तसाच राहा, आणि आठवण ठेव.
आत्या

दि. १५ मार्च

ती. आत्यांना,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी हक्काने लिहिते आहे. मी ती दातांची डॉक्टर. हे पत्र लिहिल्याचं तुमच्या ठोकळ्याला कृपा करून सांगू नका.

तुमचं पत्र आल्यापासून त्यांचं कशात लक्ष नाही. परवा दवाखान्यात आले, खुर्चीत बसले आणि मी न सांगताच तोंड उघडलं. सगळे दात तपासले, एकही किडलेला नाही. मग खोदून खोदून विचारल्यावर कळलं की दुखणं दाताचं नाहीच, आत्या येत नाही हे आहे. कपड्यांची अट त्यांनीच घातली हेही तेव्हा बाहेर आलं. मी त्यांची चांगली खरडपट्टी काढली. त्याशिवाय, रागावू नका, मी तुमच्या शाळेत फोन करून विचारलं. परीक्षा जूनमध्ये असतात. दुखरी जागा सापडेपर्यंत मला चैन पडत नाही, धंद्याची सवय आहे.

आणि माझ्या बाबांबद्दल फार मोठा गैरसमज झालाय. ते फोटो बघून गप्प झाले ते हेव्याने. जन्मभर न्यायासनावर घोळदार काळा झगा घालून बसलेल्या माणसाला कपड्यांचं कसलं नवल? पण त्या झग्याला खिसा नव्हता. रुमाल कुठे ठेवायचा म्हणून ते घरी येऊन रोज कुरकुरायचे. तुमच्या पोटावरचा खिसा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यांच्या मापाचा तसा झगा मिळतो का, असं विचारायला सांगितलंय.

याल ना? अजून भेट व्हायची आहे, तोवर पत्रातूनच पाया पडते.
तुमची होणारी सून

दि. १९ मार्च

ती. आत्यास,
ठोकळ्याचा सा. न. वि. वि.

मला पत्रात काही धड लिहिता येत नाही, म्हणून आधी करून मग लिहितो आहे. काल मी तुझ्या शिंप्याकडे गेलो. लग्नासाठी तीन बाह्यांचा कोट शिवायचा आहे म्हणून सांगितलं. तो मटकन स्टुलावर बसला. मग त्याने असा लांब उसासा टाकला की शेजारचा इस्त्रीवाला बघायला आला. म्हणाला, आत्याबाई गेल्यापासून हा उसासा छातीत अडकून पडला होता, आज मोकळा झाला. माप त्याने फुकट घेतलं.

तिसरी बाही डाव्या बाजूला, काखेखाली आहे. त्याने तिथेच कापड टाचून दाखवलं, मी आरशात बघितलं, भयंकर दिसतो. पण आता लोकांना बघायचंच असेल तर आपल्या दोघांकडे बघावं लागेल, तुझ्या एकटीकडे नाही. तू वाटेल ते घालून ये. रंगाऱ्याचा झगा घाल, शिडी घेऊन ये. मी तसं लिहायला नको होतं, आत्या. मला तू हवी आहेस. काकू नको. तू येत नसशील तर तारीख पुढे ढकलतो, मग बाबा आणि हॉलवाला काय गोंधळ घालायचा तो घालोत.

वाट बघतोय.
ठोकळ्या

दि. २ एप्रिल

चि. ठोकळ्यास,
आत्याचे अनेकानेक आशीर्वाद.

परीक्षांची थाप होती. तुझं ते विनंतीचं पत्र आलं तेव्हा मी दोन दिवस फुगून बसले. मग वाटलं, पोराचं लग्न एकदाच व्हायचं, आपला हट्ट कसला? म्हणून साधे कपडे शोधायला निघाले. घड्याळजीवरच्या बाईंना विचारलं तर त्यांनी मला डॉक्टरचा पत्ता दिला. शेवटी एका मोठ्या दुकानात राखाडी रंगाचा, दोन बाह्यांचा, गळा गळ्यापाशीच असलेला पोशाख घेतला. घालून बाहेर आले तर समोरून कोणी अनोळखी बाई येत होती. मी तिला वाट द्यायला बाजूला झाले, तशी तीही झाली. तो आरसा होता. तशी बाई तुझ्या शेजारी उभी राहिली तर तुला कोण आलंय ते कळणार नाही असं वाटून मला रडू आलं, आणि घरी येऊन तुला थाप लिहिली.

आज तो पोशाख परत केला. दुकानदाराने, मापात बसत नाही का, असं विचारलं. सांगितलं, मापात बसतो, मीच त्यात मावत नाही. रजा मिळाली आहे आणि वीस तारखेला पोचते आहे. न्यायाधीशसाहेबांना खिशाचा झगा हवाय हे मला कसं कळलं ते विचारू नकोस, पण तो बाई स्वतः कापताहेत, खिसे सहा. मात्र आधी साहेबांना आपल्या रोजच्या कामाचा नमुना बाईंकडे पाठवावा लागेल, नियम म्हणजे नियम.

आता कोटाचं ऐक. शिंप्याला म्हणावं तिसरी बाही ढगळ ठेव, आणि तिचं टोक शिवून बंद करू नकोस. हॉलमध्ये शिरताना तिच्यात माझा हात असेल.

बाकी भेटीत.
तुझीच,
आत्या