खोली क्रमांक अकरामधील संगणक ऐकणाऱ्यांना बहिरे ठरवितो, त्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, मुख्य इमारत

अर्जदार : श्रवण-तपासनीस, कान-नाक-घसा विभाग, खोली क्र. ११

विषय : जुन्या प्रणालीसाठी केलेला श्रवण-चाचणीचा प्रोग्रॅम नव्या संगणकावर बळेच चालविणे बंद करणे, तसेच त्यामुळे दिले गेलेले चुकीचे अहवाल रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) संगणक कक्षाचा शेरा ‘तक्रार निकाली’, दि. २ फेब्रुवारी. २) अर्जदारास मिळालेली ‘कारणे दाखवा’ नोटीस, दि. ११ मार्च.

महोदय,

१. अर्जदार या रुग्णालयात एकोणीस वर्षे लोकांचे कान तपासते. रुग्ण काचेपलीकडच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसतो, अर्जदार संगणकावरून लहान-मोठे स्वर सोडते आणि ऐकू आला की रुग्ण बटण दाबतो. मूल लहान असेल तर बटणाऐवजी लाकडी मणी डब्यात टाकते. तो स्वर अर्जदाराला स्वतःला ऐकू येत नाही. संगणक ‘वाजला’ म्हणतो, त्यावर विश्वास टाकावा लागतो.

२. जानेवारीत सर्व विभागांचे संगणक बदलण्यात आले. नव्या संगणकाची प्रणाली निराळी असल्याने आमचा प्रोग्रॅम त्यावर उघडेचना. तेव्हा संगणक कक्षाच्या प्रमुखांनी मधे एक दुभाष्या प्रोग्रॅम बसविला. जुन्या प्रोग्रॅमला तो भासवितो, की बाबा रे, तू आपल्याच घरी आहेस. प्रोग्रॅम उघडला. प्रमुख म्हणाले, “बघा ताई, चालला की नाही? उगाच बाऊ करता तुम्ही.”

३. चालला, पण पडद्यापुरता. स्वर वाजल्याची हिरवी खूण उमटे. कानात स्वर कधी येई, कधी अर्धवट, कधी मुळीच नाही. चार दिवसांत आठ जण बहिरे निघाले आणि आठही अहवालांवर अर्जदाराने सही केली. नववा एक बसचालक होता. तो हेडफोन काढून बाहेर आला नि म्हणाला, “बाई, तिकडे कुणीतरी दार आपटलं, तेसुद्धा ऐकलं मी. तुमच्या यात काही वाजतच नाहीये.” अर्जदाराने हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. काही नाही. समोर हिरवी खूण मात्र टवटवीत. त्या आठ सह्या आठवल्या, की अर्जदाराला आपल्याच हाताची किळस येते.

४. त्याच दिवशी तपासण्या थांबवून तक्रार दिली. दि. २ रोजी एक तंत्रज्ञ आले. अर्जदाराने त्यांनाच खुर्चीत बसवून पूर्ण चाचणी घेतली. दहा मिनिटांत त्यांनी एकदाही बटण दाबले नाही. बाहेर येऊन म्हणाले, “खोली छान शांत आहे हो तुमची!” अर्जदाराने छापलेला अहवाल दाखविला नि म्हटले, “साहेब, या कागदाप्रमाणे तुम्ही ठार बहिरे आहात.” ते म्हणाले, “तो तुमच्या विभागाचा प्रश्न. प्रोग्रॅम उघडतो की नाही, एवढंच मी बघतो.” आणि शेरा मारून गेले.

५. यानंतर अर्जदाराने जुना संगणक परत मिळावा म्हणून तीन वेळा लेखी मागणी केली. पहिल्या अर्जावर नवे हेडफोन आले. म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. दुसऱ्यावर उत्तर आले, की निर्लेखित, म्हणजे मोडीत काढलेले, साहित्य अस्तित्वात नाही असे समजावे. ते साहित्य मागच्या जिन्याखाली, मोडक्या स्ट्रेचरांच्या ढिगात, कबुतरांची घाण अंगावर घेऊन पडलेले अर्जदार रोज येता-जाता पाहत होती. तिसऱ्यावर सुचविण्यात आले, की अडचणीच्या वेळी रुग्णांस अंदाजाने बटण दाबावयास सांगावे. हे वाक्य कार्यालयात बसून कोणीतरी टंकलिखित केले, कोणीतरी वाचले आणि कोणीतरी त्याखाली सही केली, याची अर्जदारास आजही शिसारी येते.

६. पाच आठवडे वाट पाहून दि. ८ मार्च रोजी अर्जदार आणि सफाईच्या आक्का यांनी तो संगणक ट्रॉलीवर घालून खोलीत आणला, पुसला, लावला. तो लागला. आठही जणांना बोलावून फेरतपासणी केली. सहांना उत्तम ऐकू येते, दोघांना थोडे कमी. बहिरे कोणीही नाही.

त्या सहांत चार वर्षांची एक मुलगी होती. आई शिवणकाम करते. बालवाडीने ‘कान तपासून आणा’ म्हटले म्हणून जानेवारीत आली होती आणि आमचा कागद घेऊन घरी गेली होती. त्या दिवसापासून घरात मुलीशी बोलणे बंद; सगळे हातवारे. तिच्यादेखत आई, मावशी, आजी मोकळेपणाने बोलत, की हिचं पुढं कसं व्हायचं, हिला कोण सांभाळणार. मुलगीही गप्प होत गेली, आणि ते गप्प होणे सर्वांनी आजाराची खूण मानले.

फेरतपासणीत तिने प्रत्येक स्वराला मणी टाकला, अगदी बारीक स्वरालाही. आईने विचारले, “म्हणजे आम्ही बोललो ते सगळं हिनं ऐकलं?” अर्जदाराला होय म्हणावे लागले. मुलीने आईच्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, “आई, आता बोलायचं का?”

७. तीन दिवसांनी नोटीस आली, की शासकीय साहित्य विनापरवाना हलविले. हलविले. त्याचा खेद नाही. खेद आहे तो पाच आठवडे शहाण्यासारखी वाट पाहिल्याचा.

सबब विनंती, की ते आठ अहवाल रद्द झाल्याचे आपल्या सहीचे पत्र प्रत्येक घरी जावे. जुना संगणक खोली अकरामध्येच राहावा. आणि नव्या संगणकावर पत्रे टंकावीत, हजेरी भरावी, वाटेल ते करावे, पण कान तपासू नयेत. त्यातून निघालेल्या कागदावर अर्जदार यापुढे सही करणार नाही. शिक्षा द्यावयाची ती द्यावी.

उद्या सकाळी नऊ वाजता सहा नव्या रुग्णांची तपासणी आहे. संगणक काढून नेण्यास माणसे पाठवायची असल्यास जरूर पाठवावीत. मात्र त्यांच्यासोबत आपण स्वतः यावे आणि बाकावर बसलेल्या त्या सहा जणांना, तुम्हाला ऐकू येते की नाही हे आम्हाला कळून घ्यायचे नाही, असे आपल्या तोंडाने, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे.

आपली, अद्याप नम्र,
(सही)
श्रवण-तपासनीस, खोली क्र. ११
दि. १४ मार्च

सोबत : आठ जणांचे जुने व नवे अहवाल, तंत्रज्ञांचा अहवाल, तीन मागणीपत्रे व त्यांची उत्तरे, नोटिशीची प्रत.